आवाज गेल्यावरची डोलकाठी

होड्या दुरुस्त करायच्या त्या शेडमध्ये तिला सगळे हळूबाई म्हणत. धंदा नवऱ्याचा आणि दिराचा. ती बाजूच्या खोलीत शिडं शिवायची. नाव पडलं ते एका डोलकाठीपायी. होडी ट्रेलरवर होती, काठीचं बूड होडीच्या टपावरच्या बिजागरीत अडकवलेलं. दीर मागून खांदा लावत होता, नवरा पुढून दोर ओढत होता, आणि दोघं एकमेकांवर ओरडत होते.

"ओढ!"

"थांब रे!"

या गोंधळात काठी कलंडली आणि थेट शेडच्या पत्र्यात घुसली. ही हातातल्या सुईदोऱ्यासकट बाहेर आली. "यापुढे बोलायचं ते मी एकटीनं. तुम्ही दोघं तोंड मिटा."

दिराला झोंबलं, पण पत्र्याचं भोक डोक्यावरच होतं.

तेव्हापासून काठी उभी करायची तर आधी ती वर विजेची तार नाही ना ते बघे, काठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा मोकळ्या आहेत का ते चाचपे, आणि मग "हळू... येऊ दे... हळू" सुरू. कितीतरी वर्षं एकाही काठीला ओरखडा आला नाही.

मग तिच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेनंतर जीव वाचला, आवाज मात्र गेला. उरली नुसती फुसफूस.

पुढची काठी आली तेव्हा ती शिडांच्या खोलीतून हललीच नाही. दीर दारात आला. "वहिनी, हातानं सांगा, पण चला."

ती गेली. पण दीर तिच्या हाताकडे बघायला लागला आणि काठीवरचं त्याचं लक्ष उडालं. काठी डुगडुगली. दोघांनी कशीबशी खाली टेकवली.

"राहू दे," नवरा म्हणाला. "उगाच तुला त्रास नको."

ती आत गेली. सगळ्यांना वाटलं, रुसली. ती दोन बारीक दोऱ्या घेऊन परत आली. एक दिराच्या पट्ट्याला बांधली, एक नवऱ्याच्या, आणि मोकळी टोकं धरून बाजूला उभी राहिली. हिसका दिला की थांबायचं, हे तिने खुणेनं समजावलं.

"मला काय बैल समजलात काय, वहिनी?" दीर कुरकुरला.

तिने हिसका दिला. तो थांबला.

काठी उठू लागली. अर्ध्यावर आली तोच तिने दोन्ही दोऱ्यांना जोरात हिसका दिला. बाजूची एक तार ट्रेलरच्या मडगार्डमध्ये अडकली होती. आणखी ओढली असती तर काठी वाकलीच असती. त्यांनी काठी खाली घेतली, तिने तार सोडवली, आणि पुन्हा सुरुवात केली. या खेपेला काठी सरळ उभी राहिली.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "माझा राग आला होता का?"

तिने त्याला जवळ बोलावलं. त्याने कान तिच्या तोंडाशी नेला.

"'त्रास नको' म्हणालात, त्याचा आला होता."

त्याने दोन्ही दोऱ्या उचलून हातावर मोजल्या. मग म्हणाला, "उद्याची काठी लांब आहे. दोऱ्या वाढवाव्या लागतील."