नानांचे दोन व्हॉल्व्ह

नानांना काहीही विचारलं तरी पहिलं उत्तर ठरलेलं असायचं, "तापू दे." जेवायला वाढू का? तापू दे. मुलीला आलेलं स्थळ कसं वाटतं? तापू दे. एकदा साहेबानं मशीन बंद का म्हणून आरडाओरडा केला, तेव्हा नाना म्हणाले, "तुमी गार व्हा, मशीन तापू द्या." चिंचवडच्या आमच्या कंपनीत ते वायरमन होते. मूळ गाव कुरुळी. साहेबाला असं बोलून नोकरी टिकवणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

मी तिथेच लेथवर होतो आणि युनियनची पत्रकं लिहायचो. आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं नव्हती. वडिलांनी मला अक्षरं शिकवली तीही पत्रकांवरून, त्यामुळे वाक्य संपलं की उद्गारचिन्ह द्यायचं, अशीच माझी समजूत होती. नाना मला नावानं हाक मारत नसत. "ये पत्रक, बस," म्हणत.

घरोघरी ट्रान्झिस्टर आले होते, तरी नानांच्या खोलीत त्यांनी स्वतः जुळवलेला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर होता. त्यातल्या रेक्टिफायर व्हॉल्व्हवर त्यांचा जीव. उलटसुलट धावणाऱ्या विजेला एका दिशेनं चालायला लावायचं, एवढंच त्या काचेच्या बाटलीचं काम. असे त्यांच्याकडे दोन होते. एक लष्करी भंगारातून आणलेला, जाडजूड. तो फौजदार. दुसरा एका मोडक्या रेडिओतला, उतरत्या खांद्यांचा. तो बुवा. "फौजदार आवाज अंगावर घालतो. बुवा आधी श्वास घेतो, मग गातो," असं नाना सांगत.

"नाना, गाणं रेक्टिफायरमधून जातच नाही. मग त्याचा आवाज कुठून येणार? ही शुद्ध अंधश्रद्धा आहे!"

"गाणं त्यातनं जात न्हाई हे मलाबी कळतं. पन गाण्याला जेवू कोन घालतं?"



अशात कंपनीनं तीन कामगारांना काढून टाकलं. सोमवारी दुपारी शिफ्ट सुटताना गेटवर सभा ठरली आणि शनिवारी युनियनच्या अँप्लिफायरचा रेक्टिफायर गेला. पुण्यातला दुकानदार म्हणाला, चार दिवस लागतील. कर्ण्याशिवाय बोलायचं तर हमरस्त्यावरच्या ट्रकांपुढे आमचा आवाज गेटच्या आतही पोचला नसता. मी धावत नानांकडे गेलो.

"दीन की एक," नाना म्हणाले. "पन तुमचा डबा व्हॉल्व्ह खातो. गेला तो परत येनार न्हाई. मग कोनता द्यायचा ते ऐकून ठरवावं लागंल."

"नाना, तीन घरांच्या चुली विझल्यात!"

"म्हनूनच. तापू दे."

रविवारी दुपारी चौघे परीक्षक जमले. सायकल दुकानवाले इस्माईलभाई, स्टोअरमधले परब, नानांच्या घरच्या काकू आणि मी. नानांची पद्धत कडक होती. सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून बसायचं. तबकडी सनईचीच. प्रत्येक व्हॉल्व्ह आधी वीस मिनिटं तापवायचा. मग बंद करून, फडक्यात धरून उपसायचा आणि दुसरा बसवायचा. मधे चहा. हात वर करून मत देण्याला मात्र मी हरकत घेतली. मतदान गुप्तच हवं! उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी 'पहिला' आणि 'दुसरा' लिहिलं. ज्याचं त्यानं फुली मारायची.

दोन्ही ऐकून झाले. "दुसऱ्यात सनईवाल्याचे ओठ ओले लागतात," इस्माईलभाई म्हणाले.

"ओठ कसले, पहिल्यात नुसती पिपाणी होती हो!" परब म्हणाले.

आणि मी, हे सगळं अंधश्रद्धा मानणारा मी, पहिल्या आवाजातली हुकूमशाही आणि दुसऱ्यातली मोकळीक यांवर पाच मिनिटं बोललो. चिठ्ठ्या उघडल्या. तीन मतं दुसऱ्याला. चौथ्या चिठ्ठीवर दोन्हीकडे फुली होती.

"काकू, असं चालत नाही. मत बाद!"

"अरं, पन मला दोन्ही येकच वाटलं."

"नियम म्हणजे नियम!"

काकू उठल्या आणि कपबशा गोळा करायला लागल्या. एका बशीमागे फडकं होतं, फडक्यात फौजदार. त्यांनी तो हातात घेतला. "अवो, ह्यो तर गारच हाय."

नानांनी कपाळाला हात लावला. दुसरी पाळी फौजदाराची होती, पण चहाच्या गडबडीत त्यांनी बुवा उपसला होता आणि बुवाच परत बसवला होता. दोन्ही वेळा आम्ही एकच व्हॉल्व्ह ऐकला होता.

परब भिंतीकडे तोंड करून पुन्हा बसले, या वेळी लाजेनं. नाना मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "आता उद्या कोणता देणार?" मी हळूच विचारलं. नाना हसायचे थांबले. "तापू दे," म्हणाले.

सोमवारी ते बुवाला घेऊन आले. स्वतः बसवला आणि माइक कुणाच्या हाती देईनात. "त्येला गर्दीची सवय न्हाई. पंधरा मिन्टं." पुढारी घड्याळ बघत उभे, मी दातओठ खात. तेवढ्यात पहिली शिफ्ट सुटली. ती पांगायच्या आत दुसरी आली आणि गेटवर कधी नव्हे एवढी गर्दी झाली. आतून साहेब खिडकीशी येऊन ऐकत होते. आठवड्याभरात तिघंही कामावर परतले.

बुवा मात्र त्याच सभेत गेला. माझ्या भाषणात. मी "बंधूंनो!" म्हणून आवाज चढवला आणि आत निळी ठिणगी उडाली.

"चांगल्या कामाला गेला," नाना म्हणाले. "फकस्त शेवटी ऐकलं काय बिचाऱ्यानं!"

पुढे नाना निवृत्त होऊन कुरुळीला गेले. जाताना त्यांनी माझ्या हातात एक पुडकं ठेवलं. नाना वारल्याचा निरोप आला त्या दिवशी मी ते पुन्हा उघडलं. आत काळवंडलेला बुवा होता, आणि त्याला धक्का लागू नये म्हणून भोवती आमच्या चार चिठ्ठ्या गुंडाळल्या होत्या. मी त्या सरळ केल्या. माझी फुली सगळ्यांत मोठी होती, कागद फाटेल इतकी दाबून मारलेली.

काकूंचं मत मी ग्राह्य धरलं आहे. बाकीची तीन बाद.