डावा खालचा कोपरा

आमच्या मंडळात तीन माणसं, सात इलेक्ट्रिक गिटारी आणि अकरा अँप्लिफायर आहेत. धड वाजवता कुणालाच येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं कुणीतरी विचारतंच आणि मग मला राग येतो.

मी व्यासराज. म्हैसूरच्या पॉलिटेक्निकमध्ये तीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं, म्हणून आमचं सरस्वतीपुरम मला अजून ‘मेष्ट्रे’ म्हणतं, म्हणजे मास्तर. रिटायर झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, मी गिटारी जमवायला लागलो. कुठली कुठल्या साली झाली, तिच्या चुंबकावर तारेचे वेढे किती, सगळं तोंडपाठ आहे. कॉर्ड दोन येतात, त्यातला एक बरोबर असतो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, तसं आमचं अंगण दर रविवारी नव्यानं वाकडं होतं. एकदा वाल्व्ह जुना, एकदा केबल चिनी, एकदा हवेत ओल. माझी बायको तुंगा म्हणते, सुम्मने बसलात तरी एवढंच संगीत होईल. सुम्मने म्हणजे नुसतं, गप्प. आमच्या घरच्या मराठीत असं कन्नड जिथं तिथं येतं, आणि तुंगा रागावली की मराठी उरतच नाही.

दर रविवारी दहाला माझ्या शेडमध्ये बैठक. दातांचा डॉक्टर प्राणेश येतो, विम्याच्या ऑफिसातला सत्यनारायण येतो, आणि हात असलेली एकुलती एक खुर्ची असते ती दामोदररावांची.

दामोदरराव एक्क्याऐंशी वर्षांचे. चामराजपुरमातलं शिंप्याचं घर, विठ्ठलाच्या भजनातलं. चार भाऊ सुई धरून बसले, हा पाचवा सोल्डरिंगची कांडी धरून बसला. तेव्हा गणपतीत गल्लोगल्ली ऑर्केस्ट्रा असायचे, गिटारवाल्यांना परदेशी अँप्लिफायर कुठून मिळणार? मग दामोदररावांनी जुन्या रेडिओचे वाल्व्ह काढून, चहाच्या खोक्याचं प्लायवूड कापून स्वतः बनवायला सुरुवात केली. ते त्याला अँप्लिफायर म्हणत नाहीत, पेटी म्हणतात. सदुसष्ट ते पंचाहत्तर, आठ वर्षांत चाळीसेक पेट्या केल्या असतील. एकीवरही नाव घातलं नाही. पुढं ट्रान्झिस्टर आले, पेट्या माळ्यावर गेल्या, आणि चाळीस वर्षांनी आम्ही तीन शहाणे त्या शोधत हिंडायला लागलो.

नाव नाही म्हटल्यावर खरी कुठली नि खोटी कुठली, हे तेच सांगणार. त्याची रीत ठरलेली. पेटी चालू करून पाच मिनिटं तापू द्यायची. शेडमधला पंखा बंद, कारण त्यानं आवाजात खोट येते. मग दामोदरराव डोळे मिटायचे, उजवा तळवा पेटीच्या माथ्यावर ठेवायचे, डाव्या हाताची बोटं समोरच्या कापडाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात घालायचे आणि म्हणायचे, माझी. किंवा, नव्हे. सत्यनारायणनं आपला कॉर्ड मारायच्या आतच निकाल लागलेला असायचा.

काय कान, काय कान, असं आम्ही म्हणायचो. डावा खालचा कोपरा हे तर आमचं शास्त्रच झालं. पेटीचा खर्ज तिथं गोळा होतो, हा शोध प्राणेशचा. त्यानं त्यावर इंटरनेटवर लांबलचक लेख लिहिला, लोकांनी वाखाणला. मीही दुसऱ्यांच्या पेट्यांच्या कोपऱ्यात बोटं घालून मान डोलवायला लागलो. आणि देवाशपथ सांगतो, मला खर्ज लागायचासुद्धा.

माझं दुखणं एकच होतं. प्राणेशकडे दामोदररावांच्या चार पेट्या, सत्यनारायणकडे दोन, माझ्याकडे एकही नाही. माझ्या सगळ्या विकतच्या. तीन वर्षं शोधत होतो. शेवटी हुणसूरला एका रिटायर्ड हेडमास्तरांच्या पडवीत एक पेटी सापडली. तिच्यावर पापड वाळत होते. घेऊन जा म्हणाले, पापड तेवढे उचलले. बसमध्ये पेटी मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, जड असेल, खाली ठेवा, पण मी ऐकलं नाही.

घरी आणून महिनाभर खपलो. लाकूड घासलं, पॉलिश केलं. पुढचं कापड तर बघवत नव्हतं, कॉलरीत घालतात ते जाळीदार बकरम, तपकिरी रंगवलेलं, जागोजाग विटलेलं. ते ओढून काढलं आणि परदेशातून मागवलेलं चंदेरी धाग्याचं कापड पिना मारून ताणून बसवलं. ड्रॉइंगच्या मास्तरचं काम, एक सुरकुती दाखवा म्हणावं. तुंगानं येऊन पाहिलं आणि विचारलं, पलंगाला पण असलंच शिवायचं का?

रविवार उजाडला. सगळे जमले. मी पेटी भिंतीला पाठ लावून ठेवली, खटका दाबला, पंखा सकाळपासून बंदच ठेवला होता. पेटीचा लाल दिवा केव्हाच गेलेला, त्यामुळे आम्ही नुसते घड्याळ बघत बसलो. पाच मिनिटांनी दामोदररावांनी डोळे मिटले. उजवा तळवा वर, डावी बोटं कोपऱ्यात. या वेळी फार वेळ लागला. बोटं कोपऱ्यात फिरली, थांबली, पुन्हा फिरली. मला घाम फुटला. मग त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “माझी.”

माझे डोळे भरून आले, लपवत नाही. प्राणेशनं कान पेटीला लावला आणि म्हणाला, शांततेतही ऊब आहे. सत्यनारायण म्हणाला, खर्ज तर जमिनीतून पायात येतोय. मी म्हणालो, मलाही येतोय. तेवढ्यात तुंगा कॉफी घेऊन आली आणि म्हणाली की मिक्सर चालला नाही, चटणी मिळणार नाही, दहापासून करंट नाहीये.

साडेदहा वाजून गेले होते.

कुणी कुणाकडे बघेना. दामोदरराव मात्र शांतपणे कॉफी पीत होते, जणू तुंगा बोललीच नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसाला ऐकूच येत नाही.

दामोदरराव घरी गेल्यावर प्राणेश उसळला. आपल्या चार पेट्या कुणी ठरवल्या, एका बहिऱ्यानं? उद्या लोकांना काय तोंड दाखवू? काळजी मलाही होती, पण प्राणेशच्या पेट्यांची नाही. एवढ्या वर्षांनी एक मिळाली होती, ती खरी की खोटी? शेवटी विचारायला मलाच धाडलं, कारण मी मास्तर.

चामराजपुरमातल्या घरी त्यांच्या सुनेनं, नागरत्नानं दार उघडलं. मी चाचरत विचारलं. ती म्हणाली, तीन वर्षं झाली की. घरात सगळ्यांना माहीत आहे, आम्ही पाटीवर लिहून देतो. तुम्हाला कसं कळलं नाही? आमच्या बैठकीत कुणी कुणाचं ऐकतच नाही, तिथं एकाला ऐकू येत नाही हे कळायचं कसं?

दामोदरराव आत खाटेवर बसले होते. मी पाटीवर सगळं लिहिलं. करंट नव्हता, हेही लिहिलं. त्यांनी वाचलं. मग सांगायला लागले.

पेटी ते कानानं कधीच ओळखत नव्हते. ऐकू येत होतं तेव्हाही नाही. चाळीस पेट्यांचा आवाज कोण लक्षात ठेवतो? पेटीचं पुढचं कापड त्यांची बायको शिवायची. सुमित्राबाई, जाऊन बारा वर्षं झाली. दिरांच्या शिवणाच्या दुकानातून उरलेलं बकरम आणायची, रंगवायची, कडा दुमडून हातानं तुरपाई घालायची. संपताना गाठ मारायची नाही, डाव्या खालच्या कोपऱ्यात दुमडीच्या आत तीन उलटे टाके घ्यायची. दिसायचे नाहीत, बोटाला लागायचे. प्राणेशच्या चारही पेट्यांना ते टाके होते, सत्यनारायणच्या दोन्ही पेट्यांना होते.

“तुमच्या पेटीला नव्हते, मेष्ट्रे,” ते म्हणाले. “नवं कापड, पिना मारलेल्या. पण तुमचं तोंड बघितलं आणि नव्हे म्हणवेना.” मग म्हणाले, “रविवारची खुर्ची काढू नका. दुसरं मला जायला ठिकाण नाही.”

मला माझीच शरम वाटली. हा माणूस बायकोचे टाके चाचपायला माझ्या शेडमध्ये येत होता आणि आम्ही त्यात खर्ज मोजत होतो. आणि मी, सुरकुती न पाडणारा कारागीर, तेच ओढून काढलं होतं. हात दाखवून अवलक्षण!

पाटीवर ‘थांबा’ एवढं लिहिलं आणि घरी पळालो. तुंगाला विचारलं, ते जुनं कापड कुठं आहे? कचऱ्यात टाकलं म्हणाली असती तर मी तिथंच खाली बसलो असतो. ती म्हणाली, तुम्ही रोज स्कूटर कशानं पुसता?

काखेत कळसा आणि गावाला वळसा. डिकीतून फडकं काढलं. तेलकट, काळं, एका बाजूनं फाटलेलं. रोज सकाळी या दोन हातांनी ते मडगार्डवरून फिरवत होतो. ही बोटं, ज्यांना करंट नसताना खर्ज लागतो, त्यांना तीन टाके कधी लागले नाहीत.

परत गेलो तेव्हा दामोदरराव तसेच बसले होते. फडकं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी एक कोपरा चाचपला, सोडला. दुसरा फाटलेला होता. तिसऱ्यावर बोटं थांबली. डोळे त्यांनी आपोआप मिटले.

“एक,” ते म्हणाले. “दोन. तीन.”

नागरत्ना दारात उभी होती, तिनं पदर डोळ्याला लावला. माझ्या मनात त्या क्षणी काय आलं तेही सांगतो, म्हणजे मी कसला माणूस आहे ते कळेल. पहिल्यांदा आलं, म्हणजे माझी पेटी खरी. दुसऱ्यांदा आलं, आता हे फडकं धुऊन पुन्हा पेटीवर ताणलं की प्राणेशचं तोंड बंद. आणि मी पाटी घेऊन लिहिलंसुद्धा, ‘धुऊन पेटीला परत लावू का?’

दामोदररावांनी वाचलं. फडक्याची नीट घडी केली, कोपरा वर येईल अशी, आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

“कशाला, मेष्ट्रे?” ते म्हणाले. “ऐकू तर तुम्हालाही येत नाही.”

आणि हसले. मी पाटी पुसली, रविवारी दहाला या असं लिहिलं आणि उठलो. बाहेर स्कूटरवर धूळ बसली होती, ती हातानंच पुसली.