दुसऱ्या मजल्यावरचा मुढा

त्या वर्षी गणपती घरी आणूच नये असं मला वाटत होतं, आणि हे मी आईलासुद्धा बोलले नव्हते. कारण काय तर राग. बाबांना उन्हाळ्यात साधा ताप आला, आठवड्यात पाय गेले, आणि हॉस्पिटलमधून परत आले तेव्हा त्यांच्या पँटमध्ये पाय आहेत की नुसत्या काठ्या, तेच कळत नव्हतं. नसांचा आजार होता, जीव वाचला हेच खूप, असं डॉक्टर म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. पण ज्या माणसाने जन्मभर संकष्टी मोडली नाही त्याच्यावरच का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. मी देवासमोर दिवा लावायचे, पण वर बघायचे नाही.

आम्ही तेव्हा नुकतेच दिल्लीला लागून असलेल्या इंदिरापुरमला आलो होतो. आधी कित्येक वर्षं दिल्लीतच लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो, तळमजला, आरतीला क्वार्टरांची निम्मी लाइन यायची. बाबा रिटायर झाले आणि स्वतःचा फ्लॅट घेतला, तिसऱ्या मजल्यावर. आजूबाजूला सगळे टॉवर अर्धवट, रस्ते नवे कोरे, झाडं माझ्या कमरेएवढी, आणि शेजारी कोण राहतं ते कुणालाच माहीत नाही. लिफ्टमध्ये लोक एकमेकांकडे न बघता दाराकडे बघत उभे राहायचे. अशा ठिकाणी आजारी पडायला नको यार, खरंच.

फिजिओवाल्या मॅडम घरी यायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की मसल वापरला नाही तर विरघळतो, तेव्हा चला. मग बाबा चालायला लागले. आधी आमच्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीला धरून, मग लिफ्टने खाली जाऊन सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर. आई मागे. "अहो, पाय उचला. फरशी मी सकाळीच पुसलीय, तुम्ही परत पुसू नका." बाबा म्हणायचे, "तू काय मला बालवाडीत घातलंयस?" पण चालायचे. पावसाळा संपता संपता काठी सुटली. मला इतकं भारी वाटलं की मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले.

मॅडम मात्र म्हणाल्या होत्या, "अंकल, सीधा चलने से स्टैमिना आता है। जांघ की ताकत के लिए सीढ़ी करो, कुर्सी से बिना हाथ लगाए उठो।" बाबा हसले. "लिफ्ट है ना।" आम्हीही हसलो. कुणीच मनावर घेतलं नाही. माणूस चालतोय म्हणजे बरा झाला, आमच्या घरात एवढंच गणित होतं.

गणपती आला. आमच्याकडे एक रीत आहे, आजोबांपासूनची: ज्याने मूर्ती बसवली त्यानेच ती उचलून घराबाहेर न्यायची, दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. विसर्जनाच्या दिवशी सकाळी मी म्हटलं, बाबा, या वर्षी मी घेते. त्यांनी मूर्तीपुढचा दिवा सारखा केला. मग म्हणाले, "तू घेशील गं. मग मी काय करू? ज्याला उतरवता येत नाही त्याने बसवू नये. आज मला जमलं नाही तर पुढच्या वर्षीपासून आणायचा नाही." आई स्वयंपाकघरात दही-पोहे कालवत होती, तिचा हात थांबला. मला तेव्हा कळलं की ते गणपतीबद्दल बोलत नाहीयेत. ते स्वतःबद्दलच बोलतायत, की मी आता संपलो का नाही, ते आज ठरेल.

आरती झाली. बाबांनी पाट दोन्ही हातांनी उचलला, मूर्तीला सगळ्या खोल्या दाखवल्या, शिदोरी ठेवली. दारातून निघताना आई आणि मी "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणालो. बाबांचे ओठ हलले नाहीत. मी बघितलं ते.

आणि लाइट गेली.

इंदिरापुरममध्ये लाइट जाणं म्हणजे काही बातमी नाही, पण लिफ्टला जनरेटर अजून जोडलेलाच नव्हता. आम्ही वाट बघितली. ऊन उतरायला लागलं, हिंडन नदीच्या नहरपर्यंत, म्हणजे कालव्यापर्यंत, पोचायचं होतं, आणि बाबांचे हात भरून येत होते. ते म्हणाले, "चला, जिन्याने." आई "अहो" म्हणाली आणि तिने दाराला कुलूप लावलं.

चढताना माणूस दमतो हे सगळ्यांना माहीत असतं. उतरताना काय होतं ते मी त्या दिवशी बघितलं. प्रत्येक पायरीला अख्खं शरीर एका मांडीवर येतं आणि तिला ते हळूच खाली सोडावं लागतं. रस्त्यावर महिनोन्‌महिने चालून त्या मांडीला हे काम कधी पडलंच नव्हतं. शिवाय दोन्ही हातांत पाट, म्हणजे कठडा धरायची सोय नाही. मी त्यांच्या पुढे उलटी उतरत होते, हात पसरून. अर्ध्या जिन्यानंतर डावा गुडघा थरथरायला लागला. पँटच्या कापडावरून दिसत होतं. बाबांच्या चेहऱ्यावरचा घाम मूर्तीच्या सोंडेवर पडला. मी मनात म्हटलं, आता तरी बघ रे. मी तर तुझ्याकडे बघत नव्हते, तूच बघ.

दुसऱ्या मजल्यावर एक दार सताड उघडं होतं. कधीच उघडं नसायचं. दारात एक म्हाताऱ्या सरदारनी आंटी मुढ्यावर बसून हाताने पंखा हलवत होत्या. मुढा म्हणजे ते सरकंड्याच्या काड्यांचं गोल बसायचं असतं ना, इकडे सगळ्यांकडे असतं. त्यांनी बाबांच्या पायांकडे बघितलं, चेहऱ्याकडे नाही, आणि उठल्या. मुढा पुढे सरकवला. "बैठो वीरजी।" वीरजी म्हणजे भाऊ.

बाबा म्हणाले, "हाथ में भगवान हैं, नीचे नहीं रख सकते।"

"तो गोद में रखो। भगवान ने कौन सा कभी गोद में बैठने से मना किया है?"

बाबा बसले. पाट मांडीवर, त्याच थरथरणाऱ्या मांडीवर, आणि त्यावर गणपती. आंटींनी ओढणी डोक्यावर घेतली, आतून मिश्री, म्हणजे खडीसाखर, आणून पाटावर ठेवली आणि पंखा हलवायला लागल्या, बाबांना की गणपतीला, कळत नव्हतं. हळूहळू मांडी शांत झाली. मग बाबा उठले, आंटींनी कोपराला फक्त बोट लावलं, आणि उरलेले जिने ते उतरले. मध्ये दोनदा थांबले, पण उतरले. नहरवर पाट पाण्यात घालताना ते इतक्या हळू बोलले की मी जवळ नसते तर ऐकू आलं नसतं. "पुढच्या वर्षी लवकर या."

नंतर मी खूप विचार केला. लाइट गेली म्हणून लिफ्ट बंद पडली, आणि मी देवाला शिव्या घातल्या. पण लाइट गेली म्हणूनच तर आंटींना उकडलं आणि त्यांनी वाऱ्यासाठी दार उघडलं. एकाच गोष्टीची दोन टोकं होती. मला फक्त माझ्या हातातलं टोक दिसत होतं. हा चमत्कार आहे का, ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मुढा दाराबाहेर असायचा, त्यावर घडी घातलेली चादर. बाबा रोज तिथपर्यंत उतरायचे, बसायचे, परत चढायचे. आंटी आतून गणपतीबद्दल ओरडून विचारायच्या, "आज अकेले? वो नहीं आए?" बाबा म्हणायचे, "वो छुट्टी पे हैं।" थंडी पडेपर्यंत बाबा न बसता खालपर्यंत जायला लागले होते, तरी येताना बसायचेच.

जानेवारीच्या धुक्यात आंटी गेल्या. झोपेतच. आमच्या वरच्या मजल्यावर आम्हाला दुपारपर्यंत पत्ताच नव्हता. त्यांचा मुलगा परदेशातून आला, सामान टेम्पोत भरलं, आणि मुढ्याला हात लावून त्याने विचारलं, "ये आपका है क्या?" बाबा म्हणाले, "हां जी, हमारा है।" आणि त्यावर बसून रडले. मी बाबांना हॉस्पिटलमध्येसुद्धा रडताना बघितलं नव्हतं.

डावा पाय पूर्ण भरणार नाही, असं डॉक्टर आता स्पष्ट सांगतात. बाबांनी ते मान्य केलंय, मी अजून करतेय.

या वर्षी विसर्जनाला लाइट होती, लिफ्ट चालू होती. बाबा पाट घेऊन जिन्याकडे वळले. दुसऱ्या मजल्यावर नवं कुलूप, दारावर धूळ. मुढा बाबांनी तिथेच ठेवलेला. बाबांनी पाट त्यावर टेकवला आणि स्वतः भिंतीला हात लावून उभे राहिले. मी म्हटलं, बाबा, तुम्ही बसा ना, पाट मी मांडीवर देते. ते म्हणाले, "मी बसलो होतो तेव्हा बाप्पांनी वाट बघितली. आता त्यांना बसू दे थोडं."

आईने पिशवीतून मिश्री काढून पाटावर ठेवली. मी वर बघितलं, नीट, मूर्तीच्या डोळ्यांत. मागायचं काहीच आठवलं नाही. आम्ही तिघं त्या बंद दारासमोर उभे राहिलो, बाबांचा पाय जरा शांत होईपर्यंत.