भुईगावची विहीर आणि फुकटचं ऊन

आमच्या फुलपाड्याच्या सोसायटीत गच्चीवर सोलर बसवायचं की नाही, यावर वर्षभर भांडणं चालू होती. शेवटी मी वैतागून म्हटलं, ज्यांनी बसवलंय त्यांच्याकडे जाऊन तरी बघू. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मे महिन्यातल्या एका रविवारी निघालो मी एकटाच.

भुईगावाजवळ एक बालग्राम आहे. आईवडील नसलेली मुलं तिथे एकेका घरात, एकेका आईजवळ वाढतात. वीज आपली, भाजीपाला आपला, असा त्यांचा खटाटोप चाललाय. विरारचा पूल ओलांडून निर्मळमार्गे स्कूटरने जाता येतं. गावातल्या गल्ल्या मात्र इतक्या अरुंद, की समोरून टेम्पो आला तर कुणाच्या तरी अंगणात शिरावं लागतं. मी शिरलो. अंगणातल्या काकांनी रस्ता दाखवला, वर पपईही दिली. तुम्ही जाणार असाल तर आधी फोन करा आणि चॉकलेटं नेऊ नका. तिथे बियाण्याची पाकिटं जास्त आवडतात.

उन्हं चढायच्या आत पोचलो, तर विहिरीशी मुलं जमलेली. सोनल नावाच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीने बादलीतलं ओंजळभर पाणी तोंडात घोळवलं आणि थुंकलं.

"खारं लागतंय, आई. आज पानी नको काढू."

रेजिना आई, म्हणजे तिच्या घराच्या आई, पंप चालू करायला निघाल्या होत्या. त्या तशाच मागे फिरल्या.

मला काही कळेना. लख्ख ऊन, छपरांवर पॅनल, वांगी-भेंडी तहानलेली, आणि पंप बंद?

"गेल्या उन्हाळ्यात आम्ही पंप दिवसभर चालवला," रेजिना आई म्हणाल्या. "म्हटलं, बिल येत नाही तर थांबायचं कशाला? समुद्र हा इथे हाकेवर. गोडं पाणी उपसलं, तसं खारं आत आलं. सगळी केळी करपली. भाजी परत बाजारातून आणायला लागली."

तेव्हापासून रोज सकाळी एक मूल चव घेतं आणि त्याचा शब्द शेवटचा. खारं लागलं की विहिरीला सुट्टी. त्या दिवशी पंपाची वीज घरघंटीला जाते.

दुपारी तांदळाची भाकरी आणि मळ्यातली चवळी जेवताना आणखी एक गोष्ट कळली. सोनलचा धाकटा भाऊ बंटी अजून दुसऱ्या संस्थेत आहे. इथे नवं घर बांधून तयार आहे. पण आहेत त्या घरांना मळ्याची भाजी पुरली, तरच ते उघडायचं असं विश्वस्तांनी ठरवलंय. उघडलं की बंटी येणार. म्हणजे मळा सुकला तर सगळ्यात जास्त नुकसान याच पोरीचं.

मला राहवलं नाही. "गोडं आहे म्हणाली असतीस तर?"

"तर आज भाजीला पानी भेटलं असतं," ती म्हणाली. "नि बंटी येईपर्यंत विहीर खारी झाली असती."

मग सगळ्यांबरोबर मीही भांडी-तांदूळ धुतलेलं पाणी बादल्यांनी वाफ्यांना घातलं, मुळांशी पालापाचोळा पसरला. पाठ दोन दिवस बोलत होती.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी ही विहीर तावातावाने सांगितली. चेअरमन म्हणाले, "अहो, पण आपल्याकडे विहीर कुठाय?" सोलर मात्र मंजूर झालं. हल्ली जिन्यातला दिवा दिवसा जळताना दिसला की मी मुकाट्याने बंद करतो.

दिवाळीनंतर रेजिना आईंचा फोन आला. नवं घर उघडलं, बंटी आला. पहिल्याच सकाळी सोनलने चव घ्यायला त्याला पुढे केलं.

"थुंकायचं असतं, हे तिने दहादा सांगितलं होतं," आई हसत म्हणाल्या, "पण त्यानं ओंजळभर पाणी सगळं पिऊन टाकलं, आणि अजून मागितलं."