मागच्या बाकावरच्या बाई

कितीतरी वर्षं गणित शिकवून बाई त्याच शाळेत पर्यवेक्षिका झाल्या. सासूबाई ज्याला त्याला सांगत सुटल्या, "आमची सूनबाई साहेब झाली!" शाळेत मात्र बाईंनी शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकलं, की रंगात आलेल्या गप्पांवर विरजण पडायचं.

वर्गात मागच्या बाकावर बसायचं, शिकवणं बघायचं आणि उणिवा वर कळवायच्या, हे त्यांचं काम. अधिकारी विचारायचे, "तुमच्याकडे सगळेच कसे हो चांगले? मैत्री निभावताय का?" इकडे शिक्षक कुजबुजायचे, "आल्या चुगलीबाई." इकडे आड, तिकडे विहीर.

एकदा त्या मुद्दाम रिकाम्या हातांनी विज्ञानाच्या शिक्षिकेच्या वर्गात गेल्या. ही त्यांची जुनी मैत्रीण, एका डब्यात जेवलेली.

"वही नाही आणलीत, मॅडम? तोंडपाठ करून सांगणार का वर?"

पोरं हसली. बाईही हसल्या, पण ते 'मॅडम' जिव्हारी लागलं. वर्गात प्रश्न पुरा होण्याआधीच हात वर होत होते. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "अगं, हाच धडा मागच्या खेपेलाही होता."

"मग? तुला दाखवायलाच ठेवलाय तो. पोरांना जे कळत नाही, ते तुझ्यासमोर शिकवायला मी काय वेडी आहे?"

बाई तिच्यासोबत शिक्षकांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "उद्या मी शिकवते. तुम्ही सगळे मागे बसा."

त्यांनी मुद्दाम अपूर्णांकांचा भागाकार घेतला. एका मुलीनं विचारलं, "भागल्यावर उत्तर मोठं कसं आलं?" बाईंनी फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. मुलगी तशीच उभी. घंटा झाली.

"तू फळ्याशीच बोलतेस," मैत्रीण सरळ म्हणाली. "पोरांकडे बघतच नाहीस."

बाईंचे कान तापले, पण बरंही वाटलं. एक शिक्षक म्हणाले, "खरं सांगू? मलाही ते समजावता येत नाही." शाळा सुटल्यावर सगळे तो भागाकार दाखवायला कागदाच्या पट्ट्या कापत, भांडत, हसत बसले.

बातमी वर पोचलीच. अधिकाऱ्यांनी बोलावून घेतलं. "तपासणाराच तपासून घ्यायला लागला, तर धाक कुणाचा राहणार? पुन्हा असं नको."

"मग मला माझा वर्ग परत द्या, साहेब."

"ते नियमात बसत नाही."

घरी नवरा म्हणाला, "बढती सोडून खाली उतरणार? लोक तोंडात शेण घालतील."

बाई निवृत्तीपर्यंत त्याच पदावर राहिल्या. महिन्याच्या महिन्याला उणिवा कळवत राहिल्या, कुणाला बाधणार नाहीत अशा: फळा नीट पुसलेला नसतो, आवाज जरा बारीक आहे.

कधीतरी मैत्रीण त्यांच्या खोलीत यायची. "आज पोरांच्या डोक्यावरून गेलं गं सगळं."

बाई उठायच्या. व्हरांड्यात कुणी नाही ना, ते बघायच्या, दाराला आतून कडी लावायच्या आणि मग हळू आवाजात विचारायच्या, "कुठं अडलं?"