चौकशीला आलेला हवालदार

हवालदार वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात शिरला आणि तव्यावर पडायची भाकरी माझ्या हातून चुलीत पडली. माझी दारूची मडकी फोडून मला चोपड्याच्या कोर्टात नेणारा हाच होता.

आज गोठ्यामागे केळीचा घड सडला, त्याच्या आंबूस वासाने हे आठवलं. दारूसाठी भिजवलेल्या मोहाच्या फुलांना असाच वास येतो. नवरा मेल्यावर मी दारू गाळत होते. पकडले गेले, दंड भरला. केस झालेल्या बाईला कुणी शेतातही बोलावेना. शेवटी या मुलींच्या वसतिगृहात भाकऱ्या करायला लागले. केसचं सांगितलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "पोलीस चौकशी करून जाईल, मग तुम्हाला कायम ठेवू." घरी दोन पोरं होती.

"अक्का, तू आठे? या चुलीपाशी?" हवालदार म्हणाला.

"ओळखता यांना?" मॅडमनी विचारलं.

मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले. त्याने कपाळाचा घाम पुसला.

"बाई चांगल्या आहेत, मॅडम. काही नाही त्यांच्यावर," असं म्हणून तो पाणीही न पिता निघून गेला.

तेव्हा वाटलं, देवमाणूस आहे. आता हसू येतं. दर बाजाराच्या दिवशी तो माझ्याकडून फुकट बाटली न्यायचा. मडकी फोडली तीही साहेब सोबत होते म्हणून. मी बोलेन या भीतीने तो माझ्याहून जास्त घाबरला होता.

मॅडम वारल्या, हवालदारही वारला. त्या पगारावर वाढलेली माझी दोन्ही पोरं आहेत, आणि मी आहे.