दोन नगरदेवता, एक नाणं

ईशान, मीरा, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजोबांची सगळी नाणी काळी-हिरवी, मग हे एकच असं उघडं तांबूस का? आजोबांना जाऊन महिनाच झालाय, मला तेव्हा बोलता आलं नाही. म्हणून तुमची आजी लिहितेय.

चाकणच्या कंपनीत आजोबा डाय, म्हणजे धातूला आकार देणारे साचे, बनवत. निवृत्तीनंतर ते रोमन अमलाखालच्या ग्रीक शहरांची काशाची नाणी जमवू लागले. सत्ता रोमची, पण शहरं आपली नाणी आपणच पाडत, याचं त्यांना भारी कौतुक. या लाडक्या नाण्यावर एका बाजूला बादशहा, दुसऱ्या बाजूला हातात हात घेतलेल्या दोन नगरदेवता. भांडणाऱ्या शहरांचा समेट झाला की असं नाणं निघे. "पिंपरी आणि चिंचवड," ते म्हणत, "आपल्याकडे मात्र दोन नावांच्या मध्ये नुसती आडवी रेघ."

या पावसाळ्यात एका देवीच्या गालावर फिकट हिरवी पूड दिसली. काशाचा रोग तो. ओल मिळाली की आतून पोखरतो. त्यातला क्षार निघावा म्हणून आजोबांनी नाणं वाटीत, बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात बुडवलं; ते पाणी रोज बदलायचं. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना धाप लागली. हॉस्पिटलात मास्क बाजूला करून एकच विचारणं... "पाणी बदललंस?"

ते घरी आले त्या सकाळी मी त्यांना आणायला गेले होते. शेजारच्या शांताबाई, जुन्या रहाटणी गावातल्या, त्यांनी माझ्या मागे माझे देव घासून ठेवले. वाटीतल्या नाण्यावरच्या देवीही. चिंच आणि मीठ लावून. काळा थर गेला होता, आणि त्याच्याबरोबर पूड धरलेल्या देवीचा चेहराही.

आजोबांनी खुर्चीत बसताच हात पुढे केला. मी नाणं दिलं. नाकाला ऑक्सिजनची नळी तशीच, भिंग लावून त्यांनी दोन्ही बाजू बघितल्या.

"कुणी घासलं?"

"म्या," दारातून शांताबाई म्हणाल्या. "देवी काळ्या पडल्या व्हत्या, भाऊजी. चुकलं का काय माझं?"

आजोबांचा श्वास वर चढला. आता हे ओरडणार, आणि ते त्यांना झेपणार नाही, एवढंच माझ्या मनात.

"न्हाई, वहिनी," ते त्यांच्याच बोलीत म्हणाले. "इतक्या वर्सांत त्यास्नी कुनी आंघूळच घातली नव्हती."

शांताबाई गेल्यावर त्यांनी नाणं माझ्या हातात ठेवलं. "पूड परत येते का, बघत जा." पुढच्याच आठवड्यात ते गेले.

मी रोज सकाळी भिंगातून बघते. पूड आलेली नाही. एका देवीला चेहरा नाही. दोघींचे हात शाबूत आहेत.